लहान देशाने काय मागावे?

बड्या देशाशी छोट्या देशाची बोलणी म्हटली की आपल्याकडे दोनच मते ऐकू येतात. पहिले मत म्हणजे ‘बळी तो कान पिळी’. ज्याच्याकडे बाजारपेठ, सैन्य आणि चलन आहे तो हवे ते घेणार आणि लहानाने पदरी पडेल ते पवित्र मानायचे. दुसरे मत म्हणजे ‘शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ’. एखादा चतुर मुत्सद्दी किंवा ताठ कण्याचा पंतप्रधान मिळाला की लहान देश मोठ्याला नमवतो. पहिले मत निराशेचे आहे आणि दुसरे आशेचे, पण उथळ दोन्ही आहेत. पहिल्याला इतिहासातल्या अनेक घटनांचा उलगडा करता येत नाही. दुसरे जास्त घातक आहे, कारण ते तयारीचे काम सोडून माणसांच्या गुणांवर भिस्त ठेवायला शिकवते.

माझे म्हणणे असे की लहान देशाला वाटाघाटीत सत्ता कधीच मिळत नाही. त्याला फार तर दोन गोष्टी मिळवता येतात, मुदत आणि नियम. मुदत म्हणजे आघात पुढे ढकलून सावरायला मिळालेली वर्षे. नियम म्हणजे मोठ्याचेही हात थोडेफार बांधणारी लेखी चौकट. लहान देशाने आपली ताकद या दोहोंच्या मागे लावावी, त्यासाठी द्यावी लागणारी किंमत आधीच ठरवावी आणि बाकीच्या मागण्या सोडून द्याव्यात. पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले गेले, हे आपण शाळेपासून ऐकतो. बारा राहिले आणि अवघ्या पाच वर्षांत, १६७० साली, गेलेले किल्ले परत घ्यायला सुरुवात झाली, हा त्याच तहाचा दुसरा भाग आहे. तहाची किंमत ठरते ती मिळालेल्या मुदतीत काय घडले त्यावरून.

हे म्हणणे तपासायला न्यूझीलंडइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या पुणे महानगर क्षेत्रापेक्षाही कमी. जगाच्या बाजारपेठांपासून कमालीचा दूर. विकायला मुख्यतः दूध, मांस, लोकर, लाकूड आणि फळे. आणि गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत या देशाला ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, चीन आणि भारत या सगळ्यांशी कधी ना कधी समोरासमोर बसावे लागले आहे.

लक्सेंबर्ग, जून १९७१

१९५०च्या दशकाच्या मध्यात न्यूझीलंडच्या निर्यातीपैकी जवळपास दोन तृतीयांश माल एकट्या ब्रिटनला जात असे. लोणी आणि चीजच्या बाबतीत तर दुसरे गिऱ्हाईक नसल्यातच जमा होते. ब्रिटनने युरोपीय आर्थिक समुदायात शिरायचे ठरवले तेव्हा प्रश्न पोटाचा होता, कारण समुदायाच्या शेती धोरणानुसार बाहेरच्या लोण्यापुढे जकातीची भिंत उभी राहणार होती. ब्रिटनला थांबवण्याची ताकद न्यूझीलंडकडे नव्हती. ब्रिटनचा प्रवेश हाणून पाडण्याची भाषा त्याने केली नाही, हीच त्याची पहिली शहाणी चाल.

व्यापारमंत्री आणि उपपंतप्रधान जॅक मार्शल यांनी मागणी मुद्दाम अरुंद ठेवली. लोकर गेली तरी चालेल, कारण तिला जगभर बाजार होता. कोकराच्या मांसाचे बघता येईल. पण लोणी आणि चीज यांना संरक्षण हवे. ब्रुसेल्सच्या टेबलावर ब्रिटनच्या प्रवेशाचे शेकडो प्रश्न होते आणि त्यांत न्यूझीलंडचे लोणी ही एक बारीकशी फाईल होती. वेलिंग्टनच्या टेबलावर मात्र ती एकच फाईल होती. बडा देश शंभर ठिकाणी लक्ष देतो, लहान देश एकाच ठिकाणी देऊ शकतो. लक्षातली ही विषमता लहानाच्या बाजूची असते. ती वापरायची तर मागणी एकच असावी लागते आणि ती मान्य करणे मोठ्याला फार जड जाऊ नये, याची काळजी घ्यावी लागते. मार्शल आणि त्यांचे अधिकारी कित्येक वर्षे युरोपच्या राजधान्या फिरत तीच गोष्ट सांगत राहिले.

जून १९७१ मध्ये लक्सेंबर्गला रात्रभर चाललेल्या बैठकीत तोडगा निघाला. पुढे तो ब्रिटनच्या प्रवेश कराराला जोडलेला अठरावा प्रोटोकॉल झाला. पाच वर्षांत लोण्याचे प्रमाण हळूहळू ऐंशी टक्क्यांपर्यंत उतरेल, चीजचे वीस टक्क्यांपर्यंत. दोन्ही मिळून, दुधाच्या हिशेबात, पाचव्या वर्षीही एकाहत्तर टक्के माल जाईल. चीज जवळजवळ सोडून दिले आणि लोणी वाचवले. वर लोण्याबाबत तिसऱ्या वर्षी फेरविचार होईल, असे कलम घातले. हे कलम वरवर क्षुल्लक दिसते, पण माझ्या मते सगळ्या करारातली तीच खरी कमाई होती. फेरविचार आहे म्हणजे दार बंद नाही. पुढची वीस वर्षे न्यूझीलंडचे अधिकारी त्याच दारातून पुन्हा पुन्हा आत गेले. हप्त्याहप्त्याने कोटा घटत गेला, पण संपला नाही. अखेर जागतिक व्यापार वाटाघाटींच्या उरुग्वे फेरीनंतर, १९९५ पासून, सुमारे ७६ हजार टन लोण्याचा न्यूझीलंडच्या नावाचा कोटा युरोपच्या जागतिक व्यापार संघटनेतील बांधिलकीत नोंदला गेला. पाच वर्षांची सवलत म्हणून मिळालेली गोष्ट पंचवीस वर्षांनी हक्क बनली. ब्रेक्झिटनंतर ब्रिटन आणि युरोपीय संघ यांनी हे कोटे आपसात वाटून घ्यायचे ठरवले, तेव्हा न्यूझीलंडने उघड हरकत घेतली. आधी पूर्ण कोट्याचा माल दोन्हींपैकी कुठेही पाठवायची मोकळीक होती, ती आता जाणार होती. मुदतीचे नियमात रूपांतर झाले नसते तर हरकत घ्यायला आधारच उरला नसता.

मुदत वायाही जाते

मिळालेली मुदत न्यूझीलंडने लगेच चांगली वापरली, असे मात्र म्हणता येणार नाही. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले, सरकार कर्ज काढत राहिले आणि १९७८ पासून शेतमालाला किमान भावाची हमी देऊन मेंढ्यांची संख्या फुगवत राहिले. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला देशात सात कोटी मेंढ्या होत्या आणि त्यांच्या मांसाला पुरेसे गिऱ्हाईक नव्हते. १९८४ साली नव्या सरकारने शेतीची अनुदाने जवळजवळ एका झटक्यात काढली. त्यात अनेक कुटुंबे पोळली आणि त्या धोरणाच्या सामाजिक किमतीवर तिथे आजही वाद आहे. वाटाघाटींपुरता त्याचा एक परिणाम स्पष्ट आहे. १९८६ साली शेतमाल निर्यात करणाऱ्या देशांचा केर्न्स गट उभा राहिला, तेव्हा ‘तुमची अनुदाने काढा’ असे म्हणण्याचा अधिकार न्यूझीलंडने स्वतःच्या घरात कमावलेला होता. दरम्यान गिऱ्हाइकेही बदलत गेली. ब्रिटनचा वाटा १९७३ पर्यंत सुमारे चौथाईवर आला होता आणि २००० साली तो सहा टक्क्यांच्या आसपास उरला. दुसरीकडे माल खपतो हे समोरच्याला माहीत असते, तेव्हा बोलण्याचा सूर आपोआप बदलतो.

बॉम्ब, कैदी आणि लोणी

मोठ्या देशाची खरी ताकद असते ती एका विषयाचा राग दुसऱ्या विषयात काढण्याची. १० जुलै १९८५ रोजी फ्रान्सच्या गुप्तहेरांनी ऑकलंड बंदरात ग्रीनपीसचे ‘रेनबो वॉरियर’ हे जहाज सुरुंग लावून बुडवले. फर्नांडो परेरा हा छायाचित्रकार त्यात मरण पावला. आलँ मफार आणि दोमिनिक प्रियूर हे दोन फ्रेंच अधिकारी पकडले गेले, त्यांनी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला आणि त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. न्यूझीलंडची बाजू कायद्याने आणि नीतीने इतकी भक्कम क्वचितच असेल. तरीही फ्रान्सने काय केले? न्यूझीलंडहून येणाऱ्या कोकरांच्या मेंदूंची आयात अडवली आणि युरोपातल्या लोण्याच्या कोट्यावर आपण विरोध करू शकतो, हे दाखवून दिले. कैदी सोडा, नाहीतर लोणी विसरा.

कैद्यांची सौदेबाजी होणार नाही, असे पंतप्रधान डेव्हिड लाँगी यांनी जाहीर केले होते. तेवढ्यावर अडून बसले असते तर टाळ्या मिळाल्या असत्या आणि लोणी गेले असते. नेदरलँड्सचे पंतप्रधान रूड लुबर्स यांच्या मध्यस्थीने प्रश्न संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस हाविएर पेरेझ द क्वेयार यांच्याकडे सोपवला गेला. जुलै १९८६ मध्ये त्यांनी दिलेला निवाडा मुळातून वाचण्यासारखा आहे. फ्रान्सने बिनशर्त माफी मागावी. सत्तर लाख अमेरिकी डॉलर भरपाई द्यावी. दोन्ही अधिकारी तीन वर्षे प्रशांत महासागरातल्या हाओ या बेटावरच्या फ्रेंच लष्करी तळावर राहतील. आणि त्याच कागदात पुढे, ब्रिटनमध्ये न्यूझीलंडचे लोणी १९८७ मध्ये ७७,००० टनांपर्यंत आणि १९८८ मध्ये ७५,००० टनांपर्यंत येण्यास फ्रान्स विरोध करणार नाही. खून झालेल्या जहाजाच्या निवाड्यात लोण्याचे टन! कुणाला हे हीन वाटेल. मला यात मोठे शहाणपण दिसते. फ्रान्सने विषयांची जी गाठ मारली होती ती नाकारून सुटणार नव्हती. मग ती तिसऱ्याच्या समोर, आकड्यांसह, कागदावर आणून सोडवली.

फ्रान्सने शब्द पाळला का? दोघांनाही मुदतीआधीच, एकाला डिसेंबर १९८७ मध्ये आणि दुसरीला मे १९८८ मध्ये, मायदेशी नेले. पण तंटा झाल्यास लवादाकडे जायचे, अशी तरतूदही झाली होती. १९९० साली लवादाने फ्रान्सने करारभंग केल्याचे ठरवले. तीन वर्षे उलटून गेल्यामुळे कैदी परत बेटावर गेले नाहीत. न्याय पुरा झाला, असे परेरांच्या घरच्यांना वाटले असेल, असे मी म्हणणार नाही. पण लोणी त्या दोन वर्षांत ब्रिटनला पोचले आणि एका महासत्तेच्या नावावर करारभंगाची नोंद झाली. लहान देशाच्या हाती याहून जास्त काय येऊ शकले असते, हे टीकाकारांनी सांगावे.

सफरचंदाची नव्वद वर्षे

नियमांचा खरा उपयोग मित्रांशी होतो. ऑस्ट्रेलिया हा न्यूझीलंडचा सर्वात जवळचा देश. १९८३ पासून दोघांत मुक्त व्यापाराचा करार. तरी १९२१ पासून ऑस्ट्रेलियाने न्यूझीलंडची सफरचंदे बंद ठेवली होती. कारण सांगितले जाई ‘फायर ब्लाइट’ या जिवाणूजन्य रोगाचे. पिकलेल्या, स्वच्छ फळातून हा रोग बागेत पसरतो याला पुरावा नव्हता, पण ऑस्ट्रेलियन बागायतदारांची मते होती. न्यूझीलंडने पुन्हा पुन्हा अर्ज केले. पुढे परवानगी मिळाली तीही अशा अटींवर की माल पाठवणे परवडूच नये.

दरम्यान याच रोगाच्या मुद्द्यावर अमेरिकेने जपानविरुद्धचा खटला २००३ साली जागतिक व्यापार संघटनेत जिंकला. मोठ्याने आपल्या स्वार्थासाठी पाडलेला पायंडा लहानाला फुकटात मिळतो, हा नियमांचा एक दुर्लक्षित फायदा आहे. २००७ मध्ये न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तक्रार नेली, २०१० मध्ये अपिलातही जिंकली आणि २०११ मध्ये नव्वद वर्षांची बंदी उठली. मैत्री तुटली नाही. तक्रार मैत्रीच्या चौकटीबाहेर, तिसऱ्याच्या पंचायतीत नेल्यामुळेच ती तुटली नाही, असे मला वाटते.

किंमत आधी ठरवणे

आतापर्यंतची उदाहरणे व्यापाराची होती. सुरक्षेच्या प्रश्नात मोठा देश नियम मानत नाही; तिथे किंमत मोजण्याची तयारी लागते. फेब्रुवारी १९८५ मध्ये न्यूझीलंडने अमेरिकेच्या ‘बुकॅनन’ या युद्धनौकेला प्रवेश नाकारला. आपल्या जहाजावर अण्वस्त्रे आहेत की नाहीत हे अमेरिका सांगत नसे आणि खात्री नसताना जहाज घ्यायचे नाही, हे लाँगी सरकारचे धोरण होते. १९८६ साली अमेरिकेने १९५१च्या अँझस या संरक्षण करारातली न्यूझीलंडबाबतची आपली जबाबदारी स्थगित केली. संयुक्त सराव बंद पडले, गुप्त माहितीचा ओघ आटला.

ही कथा सहसा धैर्याची म्हणून सांगितली जाते. धैर्य होतेच. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो १९८७ चा कायदा. त्याचे नववे कलम अमेरिकेला काहीही कबूल करायला लावत नाही. जहाजावर अण्वस्त्रे नाहीत अशी पंतप्रधानांची स्वतःची खात्री झाली तरच त्यांनी परवानगी द्यावी, एवढेच ते म्हणते. म्हणजे वॉशिंग्टनने आपले ‘होही नाही, नाहीही नाही’ हे धोरण सुखाने चालू ठेवावे; निर्णय वेलिंग्टन स्वतःच्या माहितीवर घेईल. मोठ्याला तोंडघशी न पाडता आपली अट राखण्याची ही रचना आहे. १९९० साली विरोधी नॅशनल पक्षानेही हे धोरण स्वीकारले आणि सरकार बदलण्याची वाट पाहण्यात अर्थ उरला नाही. २०१० च्या वेलिंग्टन जाहीरनाम्याने संबंध पुन्हा जुळले आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये अमेरिकेची ‘सॅम्प्सन’ ही युद्धनौका आली, तीही त्याच कायद्याखाली परवानगी घेऊन. कायकौराला नुकताच भूकंप झाला होता, तिथल्या मदतकार्यात तिने भाग घेतला. मध्ये तीस वर्षे गेली.

पहिल्या येणाऱ्याला मिळणारे

पहिले येण्याच्या फायद्याबद्दल थोडक्यात. चीनच्या जागतिक व्यापार संघटनेतील प्रवेशाला १९९७ साली द्विपक्षीय संमती देणारा पहिला विकसित देश न्यूझीलंड. २००४ मध्ये चीनला बाजारव्यवस्था म्हणून मान्यता देणाराही तोच आणि ७ एप्रिल २००८ रोजी चीनशी मुक्त व्यापार करार करणारा पहिला विकसित देशही तोच. मोठ्या देशाला नवी वाट चाचपडायची असते तेव्हा त्याला धोका नसलेला जोडीदार हवा असतो. लहानपण तिथे भांडवल ठरते. सिंगापूर, चिली आणि ब्रुनेई यांच्याबरोबर २००५ मध्ये केलेला छोटा करारही असाच. पुढे त्यातूनच प्रशांत महासागराभोवतीचा मोठा करार उभा राहिला. अमेरिका त्यात शिरली, २०१७ मध्ये बाहेर पडली, करार टिकला. आज त्याची कागदपत्रे सांभाळणारा देश न्यूझीलंड आहे आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्या करारात सामील झालेला देश आहे ब्रिटन.

आक्षेप

पहिला आक्षेप असा की न्यूझीलंड नशीबवान आहे. इंग्रजी बोलणारा, श्रीमंत, शत्रूंपासून दूर. त्याची गोष्ट नेपाळला किंवा श्रीलंकेला काय कामाची? यात तथ्य आहे. शेजारी सीमेवर सैन्य उभे करू शकतो, अशा देशाला अँझससारखा धोका पत्करता येणार नाही. पण लोण्याच्या बाबतीत अंतर हा न्यूझीलंडचा तोटाच होता आणि ब्रिटनच्या जिव्हाळ्यावर विसंबला असता तर तो बुडालाच असता.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. एका गिऱ्हाइकातून सुटून तो दुसऱ्याच्या हाती गेला नाही का? निर्यातीचा चौथाईच्या आसपास वाटा आज चीनकडे जातो. २०२० मध्ये चीनने ऑस्ट्रेलियाच्या बार्ली आणि वाइनवर जबर शुल्क लावले, तेव्हा वेलिंग्टनचा आवाज जपून निघत होता. हा आक्षेप मला मान्य आहे. बाजार मिळवण्याच्या भरात जुना धडा विसरला गेला आणि त्याची किंमत बोलण्याच्या स्वातंत्र्यात मोजावी लागते आहे.

तिसरा आक्षेप असा की नियमांचे जगच संपत आले. जागतिक व्यापार संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे. २०२५ मध्ये अमेरिकेने न्यूझीलंडच्या मालावर आधी दहा आणि मग पंधरा टक्के शुल्क लावले, कुठलाही खटला न चालवता. खरे आहे. पण २०२० मध्ये काही देशांनी मिळून अपिलाची पर्यायी व्यवस्था उभी केली, त्यात न्यूझीलंड सुरुवातीपासून आहे. नियम मोडकळीला आले तर लहानाला ते दुरुस्त करण्याखेरीज दुसरा धंदा नाही.

आणि एक आक्षेप मी स्वतःच घेतो. कुक बेटांची वस्ती पंधरा हजारांच्या आसपास. १९६५ पासून ती स्वशासित आहेत, पण तिथल्या लोकांकडे न्यूझीलंडचे नागरिकत्व आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांच्या सरकारने पुरेशी चर्चा न करता चीनशी भागीदारीचा करार केला, म्हणून न्यूझीलंडने १ कोटी ८२ लाख न्यूझीलंड डॉलरची मदत रोखली. सल्लामसलतीचा मुद्दा वाजवी असेल. पण एका विषयाचा राग दुसऱ्या विषयात काढणे हेच तर १९८६ मध्ये फ्रान्सने केले होते. लोण्याचा तो अनुभव असलेल्या देशाने निधी रोखण्याऐवजी लवादाची वाट धरायला हवी होती.

आता आपली बाजू

भारत आणि न्यूझीलंड यांच्यातल्या मुक्त व्यापाराच्या वाटाघाटी २०१० मध्ये सुरू झाल्या, पाच वर्षांनी थंडावल्या, मार्च २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाल्या आणि २२ डिसेंबर २०२५ रोजी पूर्ण झाल्याची घोषणा झाली. या टेबलावर मोठा देश आपण होतो. दूधदुभते भारताने जवळजवळ पूर्ण बाहेर ठेवले. २०१९ मध्ये ‘आरसेप’ या प्रादेशिक व्यापार करारातून भारताने माघार घेतली, तिच्यामागेही न्यूझीलंडच्या दूधभुकटीची धास्ती हे एक मोठे कारण होतेच. वेलिंग्टनमध्ये सत्तेतल्याच न्यूझीलंड फर्स्ट पक्षाने या करारावर टीका केली. दूध नाही तर करार कसला, असा त्यांचा सवाल. न्यूझीलंडच्या सरकारने मात्र मांस, लोकर, लाकूड, फळे घेतली आणि दूध पुढच्या वेळेवर टाकले. ज्यांनी लक्सेंबर्ग पाहिले आहे त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. ते पुन्हा येतील. पाच वर्षांनी येतील, दहा वर्षांनी येतील, हाती तीच फाईल असेल आणि ती आपल्यापेक्षा त्यांनी जास्त बारकाईने वाचलेली असेल.

म्हणून कोल्हापूर, सांगली, नगर या पट्ट्यातल्या दोन-तीन जनावरांवर घर चालवणाऱ्या दूधउत्पादकाने या कराराकडे विजय म्हणून पाहू नये. त्याला मिळाली आहे ती मुदत. जनावरामागे दूध किती वाढवायचे, चाऱ्याचा खर्च कसा उतरवायचा, भुकटीचे भाव पडले की दूधसंघाने शेतकऱ्याचा दर कापायचा की नाही, या प्रश्नांची उत्तरे याच वर्षांत द्यायची आहेत. राज्य सरकारने आणि दूधसंघांनी त्याचा आराखडा आजच मांडावा आणि तो लोकांपुढे ठेवावा.